गाडी कुणाला कळायला हवी?

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचा दीड वाजला असेल. मी पुण्यात, हिंजवडीच्या ऑफिसात एसीमध्ये बसलेलो. मामांचा फोन आला.

"अरे, गाडी बंद पडली. अहमदपूरच्या अलीकडं. सेल्फ मारलं की नुसती घरघर करायलीय, उचलत नाही."

"पेट्रोल?"

"टाकी अर्धी आहे. वास तर पेट्रोलचाच यायलाय."

मामा-मामी नांदेडहून लातूरला परत निघाले होते. मी घाईघाईनं लॅपटॉप उघडला आणि मग लक्षात आलं, की त्याचा उपयोग काय? लॅपटॉप माझ्याकडं, गाडी चारेकशे किलोमीटरवर, आणि दोघांना जोडणारी केबलसुद्धा माझ्याच बॅगेत.

त्या दुपारी मामा-मामी तीन तास रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसून होते. मामांना डायबेटीस आहे. त्यांची शुगर उतरली, हात थरथरायला लागले. जवळ एक रसवंती होती. तिथल्या पोरानं पळत येऊन रस पाजला म्हणून निभावलं. मग एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी टोचन करून अहमदपूरला नेली आणि हे दोघं एसटीनं घरी गेले.

मामा मला एक शब्द बोलले नाहीत. मात्र पुढचे चार महिने त्यांनी गाडीवरचं कव्हर काढलं नाही.

गाडीत बिघाड झाला होता तो मी बसवलेल्या भागात. तिथं नेमकं काय बिघडलं, ते मला त्याच रात्री कळलं. माझं काय चुकलं, हे कळायला बरेच महिने लागले. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

पाणी न पिणारी गाडी

मामांची गाडी म्हणजे १९६४ सालची फोक्सवॅगन बीटल. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी त्यांनी ती हैदराबादहून बंद अवस्थेत विकत घेतली आणि ट्रकवर घालून नांदेडला आणली. तेव्हा ते नांदेडला नोकरीला होते. निवृत्तीनंतर लातूरला परतले, पण गाडीचा डॉक्टर नांदेडलाच राहिला. देगलूर नाक्याजवळ गॅरेज असलेले उस्ताद. आज सत्तरीचे आहेत. त्यांना सगळे उस्तादच म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो.

बीटलचं इंजिन मागं असतं आणि डिक्की पुढं. ११९२ सीसीचे चार आडवे सिलिंडर, दोन डावीकडं, दोन उजवीकडं. रेडिएटर नाही. एक मोठा पंखा इंजिनावर वारा मारतो, तेवढंच कूलिंग. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आठवत असेल. "सगळ्या गावात न पिता चालणारी एकटी माझी गाडी," हा मामांचा तेव्हापासूनचा ठरलेला विनोद.

या इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून द्यायचं काम कार्बोरेटर करतो. ज्यांनी कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आत एक नळी असते, मध्ये अरुंद झालेली. इंजिन हवा ओढतं, अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळं पितळी जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं. किती पेट्रोल जाणार हे भोकाच्या मापावर ठरतं. हिशोब करणारं कुणी नाही. वारा आणि भोक, बास.

इंजेक्शनमध्ये मात्र कुणीतरी हिशोब करतं. सेन्सर हवेचा दाब, तापमान, इंजिनाचा वेग मोजतात. एक छोटा संगणक ठरवतो की आता इतके हजारांश सेकंद इंजेक्टर उघडा ठेवायचा. एक एप्रिल २०२० ला देशात बीएस-सिक्स नियम लागू झाले आणि स्प्लेंडरसारख्या गल्लोगल्लीच्या गाडीतूनही कार्बोरेटर गेला. तो दिवस लॉकडाऊनमधला होता. देशभरची गॅरेजं शटर ओढून बंद असताना त्यांचा काळ बदलला.

उसाचं पेट्रोल

मामांच्या गाडीला त्रास सुरू झाला तो इथेनॉलमुळं. २०२३ पासून काही पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळायला लागलं आणि दोन वर्षांत ते सगळीकडं पोचलं. आमच्या भागाला यात तक्रार करायला फारशी जागा नाही. इथेनॉल येतं मळीतून, उसाच्या रसातून, आता मक्यातून आणि तांदळातूनही. लातूर-नांदेडच्या शिवारात ऊस उभा आहे आणि कारखान्यांच्या धुराड्यांवर कितीतरी घरं चालतात.

पण जुन्या इंजिनाला हे झेपत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला लागते फक्त नऊ किलो. मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त द्यायला हवं. जेटला हे कसं कळणार? त्याचं भोक १९६४ च्या पेट्रोलसाठी पाडलेलं. मग इंजिनाला इंधन कमी पडतं आणि ते जास्त तापतं. पाण्यानं थंड होणारं इंजिन हे थोडंफार सहन करतं. नुसत्या वाऱ्यावर जगणारं, तेही बेचाळीस अंशांच्या वाऱ्यावर, करत नाही. त्यात इथेनॉल जुने रबरी पाइप आणि पडदे फुगवतं, ते वेगळंच.

बीटलचा तीन नंबरचा सिलिंडर यात आधी मरतो. जुन्या मॉडेलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या खोक्यातच, त्या सिलिंडरच्या वाऱ्याच्या वाटेत उभा असतो. त्यामुळं त्याला कमी आणि गरम हवा मिळते. पुढं कंपनीनं कूलर हलवला. उस्तादांनी कंपनीची पुस्तकं वाचलेली नाहीत, पण गाडी आली की ते आधी तीन नंबरचा प्लग काढतात आणि त्याचा रंग बघतात. पिवळसर तपकिरी म्हणजे ठीक. काळा म्हणजे इंधन जास्त. पांढरा म्हणजे इंजिन भाजतंय. दोन वर्षांपूर्वी तो पांढरा निघाला.

उस्ताद म्हणाले, "एक नंबर बडा जेट डाल देते. हो जाएगा."

मी म्हणालो, "उस्ताद, आता प्रत्येक पंपावर मिश्रण वेगळं. एका ठिकाणी बरोबर असलेला जेट दुसऱ्या ठिकाणी चूक. इंजेक्शन लावू. ऑक्सिजन सेन्सर धुरातून बघेल आणि इंधन स्वतःच कमी-जास्त करेल."

हे खरंच होतं. तेव्हा काही पंपांवर दहा टक्क्यांचं मिश्रण मिळायचं, काहींवर विसाचं. पण लेख लिहायला बसलोय तर पूर्ण खरं सांगतो. मोठ्या जेटनं बऱ्यापैकी काम झालं असतं. मी विष्णुपुरीच्या एसजीजीएसमधून इंजिनिअर झालो आणि सहा वर्षं लोकांच्या ॲपमध्ये बटणं इकडून तिकडं हलवतोय. हाताला तेल लागेल, आवाज करेल, रस्त्यावर धावेल असं काहीतरी मला करून बघायचं होतं. "गाडी वाचवायची आहे" हे कारण माझ्या हौसेला अगदी वेळेवर सापडलं.

रथ म्हणजे काय?

मामांना मी विचारलं, "इंजेक्शन लावू का?" मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग ती बीटल राहील का रे?"

प्रश्न साधा नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली असेल तर तिला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे कायद्यानं दिलेला पर्याय असा: मूळ राहा आणि उभी राहा. मामांना तर ती गाडी घेऊन मंडईत जायचं होतं.

मामा औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं कॉलेज. त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. ही दोन्ही नावं ज्या संवादातून आली त्यात गाडीचाच प्रश्न आहे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन विचारतो, राजा, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी, जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग या सगळ्यांहून वेगळा असा रथ कुठं आहे? तोही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की या सगळ्या भागांच्या आधारानं 'रथ' हे नाव वापरलं जातं, एवढंच.

मी हा संवाद मामांवरच उलटवला. "मामा, तुमचाच नागसेन सांगतोय. कार्बोरेटर म्हणजे बीटल का? नाही ना? मग काढला तर काय बिघडलं?" वर कंपनीचा दाखला दिला. फोक्सवॅगननंच १९६८ च्या मॉडेलपासून आपल्या दुसऱ्या एका एअर-कूल्ड गाडीला बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन लावलं होतं. १९७५ पासून अमेरिकेतल्या बीटललाही लावलं. मेक्सिकोतल्या बीटलला १९९३ मध्ये ते आलं आणि २००३ साली तिथं शेवटची बीटल बाहेर पडली तीही इंजेक्शनचीच. "म्हणजे आपण तेच करतोय जे कंपनीनं केलं."

मामा हसले. म्हणाले, "कर मग."

मी ते 'कर' परवानगी म्हणून घेतलं. या 'कर'कडं मला पुढं परत यायचं आहे.

एका सेल्फमध्ये

काम हिवाळ्यात, शनिवार-रविवार करून केलं. आधी सहा व्होल्टची वायरिंग बाराची केली. जुना पंप अगदी कमी दाबाचा, इंजेक्टरला तीनेक बार लागतात, म्हणून विजेचा पंप आणि टाकीकडं परत जाणारी लाइन टाकली. या मॉडेलच्या हेडला दोन सिलिंडर मिळून हवा घ्यायचं एकच तोंड असतं, म्हणून दोन बाजूंना दोन इंजेक्टर पुरले. स्पार्क जुन्या डिस्ट्रिब्युटरकडंच ठेवला. डोकं म्हणून स्पीडुइनो बसवला. आर्डुइनोवर चालणारा हा बोर्ड ओपन सोर्स आहे, त्याचं सगळं कोड कुणालाही वाचता येतं.

त्यात १६ बाय १६ चा एक तक्ता असतो. २५६ चौकटी. या वेगाला, या दाबाला इतकं इंधन. तो तक्ता भरणं म्हणजे ट्यूनिंग. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसायचो आणि मामा लातूर-औसा रस्त्यावर गाडी पळवायचे.

फेब्रुवारीत गाडी पहाटे एका सेल्फमध्ये सुरू झाली. चोक नाही, रेस नाही, धूर नाही. तीन नंबरचा प्लग छान तपकिरी. मामा खूष. मी तर हवेत. उस्तादांकडं दाखवायला नेली. त्यांनी मागचं झाकण उघडलं, ऐकलं. चाळीस वर्षं ते असं ऐकत आलेत. डोकं थोडं तिरकं, हात स्क्रू ड्रायव्हरवर. त्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर खिशातून निघाला आणि त्याला जायला जागाच नव्हती. त्यांनी तो परत खिशात ठेवला.

"बढिया बनाई," एवढंच म्हणाले. मी ती शाबासकी समजलो.

उणे चाळीस

आता एप्रिलची दुपार. अहमदपूरजवळ काय झालं होतं?

इंजिनात पाणी नाही, म्हणून इंजिन किती तापलंय हे मी सिलिंडर हेडवरच्या एका सेन्सरनं मोजत होतो. त्याची तार एका कडेला घासून तुटली. असल्या सेन्सरचा विरोध थंडीत वाढतो. तार तुटली की विरोध अमाप होतो आणि बोर्डाला वाटतं, इंजिन उणे चाळीस अंशांवर आहे. थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं. त्यामुळं मराठवाड्याच्या भर उन्हात माझा कोड मामांच्या गाडीला सैबेरियातून सुरू करत होता. पेट्रोल ओतत होता. प्लग भिजले, गाडी बंद.

उस्तादांना मामांनी फोनवर वास सांगितला आणि त्यांनी एका वाक्यात निदान केलं: "पेट्रोल ज्यादा पी रही है." अगदी बरोबर. कार्बोरेटर असता तर पुढचं वाक्य आलं असतं: अमुक स्क्रू इतका फिरवा, किंवा फ्लोटवर हलकेच ठोका. मामा स्वतः ते करू शकले असते. तीस वर्षांत कितीदा केलंही होतं. या वेळी रोग कळूनही औषध देता येत नव्हतं, कारण औषधाच्या कपाटाची किल्ली पुण्यात होती.

दुसऱ्या दिवशी अहमदपूरला जाऊन मी तार जोडली. दहा मिनिटं लागली. तिथून गाडी नांदेडला नेली. उस्तादांनी चहा मागवला आणि मग, रागानं नाही, सहज म्हणाले:

"बेटा, गाडी तो तूने अच्छी बनाई. मगर मेरेकू उसमें से निकाल दिया."

'कर' म्हणजे काय?

हा चांगल्या जुन्या आणि वाईट नव्याचा लेख नाही. तसा लिहिला तर मी खोटं बोलेन.

कार्बोरेटर काही संत नव्हता. त्याच्या न जळलेल्या पेट्रोलचा धूर उस्तादांनी बंद शेडमध्ये चाळीस वर्षं ओढलाय आणि त्यांचा खोकला मी लहानपणापासून ऐकतोय. कार्बोरेटरचं ज्ञानही सगळ्यांना खुलं नव्हतं. उस्तादांचे उस्ताद जेट बदलताना पाठ करून उभे राहायचे, पोरांना दिसू नये म्हणून. पहिली दोन वर्षं यांनी फक्त पार्ट धुतले. ज्ञान तेव्हाही कुलपात होतं, फक्त कुलूप नांदेडमध्ये होतं.

आणि न कळणाऱ्या गोष्टींवर तर आपण सगळेच जगतो. मामांना त्यांची शुगरची गोळी कशी काम करते हे माहीत नाही. मी यूपीआयनं चहाचे पैसे देतो तेव्हा मधे काय घडतं हे सॉफ्टवेअरवाला असूनही मला पूर्ण सांगता येणार नाही. मग गाडीच कळायला हवी असा हट्ट का?

बरेच दिवस मला याचं उत्तर सापडत नव्हतं. सापडलं ते असं. गोळी मामांना कधीच कळत नव्हती. गाडी कळत होती. गोळीनं त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही. मी काढून घेतलं. न कळणारी वस्तू एखाद्याला देणं वेगळं, आणि त्याला कळत असलेली वस्तू न कळणारी करून परत देणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आपण त्याच्या हातातून काहीतरी घेतलेलं असतं, आणि ते चमकदार कागदात गुंडाळून भेट म्हणून दिलेलं असतं.

आणि मी विचारलं होतं ना? मामा 'कर' म्हणाले होते ना? हो. पण मी काय विचारलं होतं? "इंजेक्शन लावू का?" खरा प्रश्न असा होता: "मामा, यानंतर गाडी रस्त्यात बंद पडली तर तुम्हाला आणि उस्तादांना काही करता येणार नाही, माझी वाट बघावी लागेल. चालेल का?" तो मी विचारला नाही. माझ्या मनात तो आलाच नव्हता, हे खरं. पण तो मनात आणणं हे माझंच काम होतं, कारण आम्हा तिघांपैकी तो फक्त मलाच दिसू शकत होता. ज्याला जास्त कळतं, त्यानं समोरच्याच्या 'हो'चा अर्थही समोरच्याला सांगायला हवा. नाहीतर तो होकार त्याचा नसतो, आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू आलेला असतो.

आपल्या धंद्यात हे रोज चालतं. 'आय ॲग्री' दाबून घेतो. जुनी पद्धत बंद करतो, नवीन आणतो, आकडे दाखवतो की वेग वाढला. रेशन दुकानाच्या मशीनला अंगठा लागला नाही तर दुकानदार म्हणतो, "मशीन घेत नाही, मी काय करू?" तो खोटं बोलत नसतो. त्याच्या हातात पूर्वी वही होती. त्या वहीत तो घोटाळा करायचा हेही खरं. पण अडलेल्या म्हातारीसाठी त्याच वहीत तो एक ओळ लिहूही शकायचा. आता त्याच्याकडं स्क्रू ड्रायव्हर आहे आणि तो घालायला जागा नाही.

नागसेनाकडं मी घाईनं गेलो होतो. भागांच्या आधारानं नाव, एवढंच ऐकलं आणि भाग बदलायला मोकळा झालो. आता वाटतं, त्या यादीत मी दोन भाग मोजलेच नव्हते. ही नागसेनाची नव्हे, माझी भर आहे: मामांचा हात आणि उस्तादांचा कान. कार्बोरेटर काढला म्हणून ती बीटल राहिली नाही असं मला अजूनही वाटत नाही. पण हे दोन भाग काढले तेव्हा ती मामांची गाडी राहिली नव्हती, माझी झाली होती.

स्क्रूची जागा

मग मी काय केलं? कार्बोरेटर परत लावला नाही. मामांना आधी विचारलं. या वेळी सगळं सांगून विचारलं: दोन्ही रस्ते, दोन्हींचे धोके, मोठ्या जेटचासुद्धा. त्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "इंजेक्शन राहू दे, सकाळी धूर नाही झाला की तुझी मामी खोकत नाही. पण मला तुझी वाट बघायला लावू नको."

कोड बदलला. सेन्सरची तार तुटली तर बोर्डानं आता उणे चाळीस मानायचं नाही, गरम इंजिन आहे असं धरून चालायचं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लावायचा. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

दुसरं, मागच्या झाकणाखाली एक पितळी नॉब बसवला. तो फिरवला की सगळ्या तक्त्यातलं इंधन वीस टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त होतं. संगणकाचं काहीही मत असो, नॉबचं ऐकायचं. एका मित्रानं याला वेडेपणा म्हटलं: "ऑक्सिजन सेन्सर असताना माणसाचा कान कशाला?" सेन्सर बिघडला तर म्हणून. आणि उस्तादांनी तो नॉब पहिल्यांदा फिरवला तेव्हा मी मीटर बघत होतो. डोकं तिरकं करून ते थांबले तिथं मीटर जवळजवळ मला हवा तोच आकडा दाखवत होता.

तिसरं, सगळं मराठीत लिहून काढलं. कोणती तार कुठं जाते, कोणता दिवा म्हणजे काय, काय तुटलं तर काय करायचं. चार पानं, लॅमिनेट करून पुढच्या डिक्कीत. ट्यूनची फाइल एका पेनड्राइव्हमध्ये, तो उस्तादांच्या गल्ल्यात. त्यांचा नातू बारावीला आहे, त्याला केबल जोडायला आणि फाइल चढवायला शिकवलं. त्याला ते शिकायला एक दुपार लागली. मी पाठ करून उभा राहिलो नाही, एवढंच माझं योगदान.

चौथं, जुना कार्बोरेटर स्वच्छ धुऊन, तेलाचा हात देऊन, त्याच्या मॅनिफोल्ड आणि पंपासकट त्याच डिक्कीत ठेवला. उद्या कुणाला माझं काम काढून टाकावंसं वाटलं तर दोन-तीन तासांत काढता यावं.

यानं सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. स्पीडुइनोचं कोड खुलं आहे म्हणून उस्तादांना ते वाचता येतं असं नाही. खुलं असणं आणि कळणं यात फार अंतर आहे आणि ते अंतर कापायची जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकून आम्ही सॉफ्टवेअरवाले मोकळे होतो. नातू उद्या शिकायला पुण्याला गेला तर? माझ्याकडं उत्तर नाही. पानं पुन्हा लिहावी लागतील, पुन्हा कुणाला तरी बसवून शिकवावं लागेल. बदल एकदा करून संपत नाही. तो समजावून सांगण्याचं काम तो बदल असेपर्यंत चालू राहतं, आणि ते बदल करणाऱ्याच्या नावावर असतं.

गाडीवरचं कव्हर ऑगस्टमध्ये निघालं. दिवाळीनंतर मामा-मामी ती घेऊन नांदेडला गेले. मी नेहमीप्रमाणं पुण्यात. संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. रात्री मीच केला, तर मामा जेवायला बसले होते. म्हणाले, "लोह्याजवळ लाल दिवा लागला होता. तार सैल झाली होती, पान दोनवर बघितलं, बसवली. तुला सांगायचं राहिलंच."

गेल्या महिन्यात लातूरला गेलो तेव्हा ती लॅमिनेट केलेली पानं काढून बघितली. शेवटच्या पानावर, माझ्या यादीच्या खाली, मार्करनं उस्तादांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती:

'सेन्सर एक नंबर पे लगाया है. गलत है. तीन नंबर पे लगाओ.'

बरोबर होतं. एक नंबरवर लावला होता, कारण तिथं तार पुरत होती. दुपारी मामांना घेऊन खाली उतरलो आणि तीन नंबरवर लावला.